कोण कुठे बसलंय

चिरंजीवास अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझा फोन आला तेव्हा गाडी चालवत होतो, म्हणून 'सावकाश लिहितो' म्हणालो. ऑफिसातली मंडळी तुला एप्रिलअखेर विस्कॉन्सिनच्या व्हर्नन काउंटीत टर्कीच्या शिकारीला नेतायत आणि तू 'हो' म्हणून बसलायस. जा. मीही गेली कित्येक वर्षं त्याच टेकड्यांत जातोय. आमची चौकडी ठरलेली: एक सुतार, एक निवृत्त शाळामास्तरीण, एक गाईंचा गोठा असलेला शेतकरी आणि मी. मैत्री पक्की आहे, पण ती कशामुळे टिकली ते खाली येईलच.

आधी कागदाचं. तू एच-वन-बीवर, म्हणजे नोकरीच्या तात्पुरत्या व्हिसावर आहेस. अशा व्हिसावरच्या माणसाने बंदूक किंवा काडतूस जवळ बाळगणं इथल्या केंद्रीय कायद्यात गुन्हा आहे. जे मोजके अपवाद आहेत त्यातला तुझ्या कामाचा एकच: इथल्या एखाद्या राज्याने दिलेला, मुदत न संपलेला शिकारीचा परवाना. म्हणजे परवाना आधी, बंदूक नंतर. 'चल, शनिवारी माझ्या शेतावर दोन बार टाकून बघ' असं कुणी प्रेमाने म्हणालं तरी परवाना खिशात नसेल तर हात मागे. तुझ्या मित्रांना हे माहीत असण्याचं कारण नाही, त्यांना कधी गरजच पडलेली नसते. ग्रीन कार्डाच्या रांगेतल्या माणसाने एका पक्ष्यापायी वकिलाचं बिल ओढवून घेऊ नये.

1 जानेवारी 1973 रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्याला विस्कॉन्सिनमध्ये परवान्यासाठी सुरक्षिततेचा कोर्स लागतो. अनुभवी माणूस हाताच्या अंतरावर बसणार असेल तर कोर्साशिवायही भागतं. तरी तू कोर्स कर. कुंपण ओलांडताना बंदूक रिकामी करायची, हे तिथे दहा वेळा करून घेतात, आणि अकराव्यांदा ते आपोआप होतं.

आता त्या पक्ष्याविषयी. थँक्सगिव्हिंगला दुकानात मिळतो तो गोरा ढब्बू विसर. रानटी नर काळपट, उन्हात तांब्यासारखा चकाकणारा, वजनाने वीस पौंडांच्या आसपास, छातीवर घोड्याच्या शेपटीसारखी केसाळ दाढी. विस्कॉन्सिनमधून तो पार संपला होता. 1976 साली मिसूरीतून 29 पक्षी आणून इथे सोडले, बदल्यात इथले रफ्ड ग्राउस नावाचे रानपक्षी तिकडे गेले. ते सोडले याच व्हर्नन काउंटीत. 1983 पासून वसंतातली शिकार पुन्हा सुरू झाली. म्हणजे तू जिथे बसणार आहेस तिथल्या टर्क्या त्या पाहुण्यांच्याच नातवंडा-पणतवंडांपैकी. आपणही पाहुणेच, म्हणून मला त्यांच्याबद्दल जरा जास्त माया आहे. (ती माया रश्श्याच्या आड येत नाही, हे कबूल.)

आपल्याकडच्या शिकारकथांत हाकारे उठवून जनावर बाहेर काढतात. इथे सगळं उलटं. पहाटे साडेतीनला उठायचं, अंधारात जाऊन खांद्यांहून रुंद खोडाला पाठ लावून बसायचं आणि हलायचं नाही. नर रात्री झाडावर असतो. उजाडायच्या आधी घुबड घुमलं की त्याला राहवत नाही, तिथूनच 'गॉबल' ठोकतो. मग आपण मादीचा आवाज काढायचा. लाकडी डबीवर झाकण घासून, तोंडात पिपाणी धरून, किंवा पाटीवर पेन्सिल घासून. खरंच पाटी-पेन्सिल. पहिलीत तुझ्या पेन्सिलीने जो कर्र आवाज काढून बाईंच्या अंगावर काटा आणला असेल, त्याचीच ही सुधारलेली आवृत्ती. नवशिके फार वाजवतात. तू कमी वाजव. त्याने एकदा उत्तर दिलं की पेन्सिल खाली ठेव आणि त्याला वाट बघू दे. त्याचं नाक यथातथाच, पण डोळे असे की तुझी पापणी हललेली त्याला दिसेल.

चाळीस यार्डांच्या आत आला, मान ताठ केली, मागे काय आहे ते स्पष्ट दिसलं, तरच बार. आधी कागदावर झाडून बघ, तुझ्या बंदुकीचे छर्रे चाळीस यार्डांवर किती फाकतात ते कळेल. बहुतेक जण हे टाळतात आणि मग 'पिसं उडाली पण गेला' असं सांगतात. जखमी पक्षी झाडीत हरवला की दिवसभर घशाखाली घास उतरत नाही.

आता ज्यासाठी एवढं लिहायला बसलो ते.

माझं चौथं वर्ष. ठरलं होतं की मी वरच्या धारेवर ओकखाली आणि सुतार खाली ओढ्याशी. आठ वाजेपर्यंत माझ्याकडे शुकशुकाट. मग खालून गॉबल आला, दोनदा. त्या टेकड्यांत आवाज दऱ्यांवर आपटून फिरतो, त्यामुळे तो नक्की कुठून आला ते कळत नाही. मी ठरलेली जागा सोडली. दोनशे पावलं उतरलो आणि मादीचा सुरेख आवाज ऐकू आला. मादी आहे तिथे नर येणारच, म्हणून काट्यांतून रांगत गेलो. पडलेल्या ओंडक्याआड काहीतरी काळपट होतं आणि त्याच्याखाली पांढरं काहीतरी हललं. नराचं डोकं लाल-पांढरं-निळं असतं. माझा अंगठा सेफ्टीवर गेला होता. तेवढ्यात त्या पांढऱ्याशेजारी एक हात आला आणि खाजवू लागला. तो सुताराचा पायमोजा होता. बसताना पँट वर सरकली होती आणि गोचीड चावली असावी. ती सुरेख मादी म्हणजे त्याची डबी.

मी कितीतरी वेळ तसाच बसून राहिलो. मग मोठ्याने हाक मारली. त्याने माझ्याकडे बघितलं, मी आलो ती दिशा बघितली, आणि त्याला सगळं कळलं. रागावला नाही. दोन्ही बंदुका रिकाम्या केल्या आणि 'चल, कॉफी घेऊ' एवढंच म्हणाला. त्या वर्षी मी पुन्हा बंदूक उचलली नाही. पुढच्या वर्षी आदल्या रात्री त्यानेच नकाशा टेबलावर पसरला आणि चौघांची बोटं चार झाडांवर ठेवायला लावली.

तेव्हा तुमच्या केबिनमध्ये आदल्या रात्री नकाशा निघतो का बघ. नाही निघाला तर तू काढ, नवखा असलास तरी. कोण कुठे बसणार, किती वाजेपर्यंत हलणार नाही, हलायचं झालं तर आधी मेसेज करणार. तिथे सिग्नल धड नसतो, म्हणून वेळ पक्की ठेवा. आवाजाच्या मागे रांगत जायचं नाही. टर्कीचा पिसारा तोंडापुढे धरून सरकत जाण्याची एक फॅशन आलीय, ती तर मुळीच नाही. दुसरा शिकारी दिसला तर हात हलवू नकोस, ओरड. मेलेला पक्षी भगव्या पिशवीत घालूनच गाडीपर्यंत आण. लाल, पांढरं, निळं अंगावर काही नको, पायमोजेसुद्धा. हे ऐकून कुणी हसलं, तर त्याच्या शेजारच्या टेकडीवर बसू नकोस. सरळ गाडीत झोप काढ.

शुक्रवारी रात्री फिश फ्राय होईल, ब्रँडी ओल्ड फॅशन्ड येईल, यूकर हा पत्त्यांचा डाव मांडतील. सगळं कर, पण पहाटे उठायचंय हे लक्षात ठेवून. बंदुका त्याआधी रिकाम्या आणि कुलपात.

बाकी किरकोळ. कपड्यांना परमेथ्रिन आधीच फवारून वाळव. तिकडे गोचिडीच्या चाव्याने होणारा लाइम आजार आहे, आणि गोचिडीचं पिल्लू खसखशीच्या दाण्याएवढं असतं, आंघोळीआधी अंग नीट तपास. शेताचं फाटक होतं तसं बंद कर. मालकाकडे रिकाम्या हाताने जाऊ नकोस. मी चिवडा नेतो, आता तो शेतकरी मार्चपासूनच 'तुझा तो पिवळा डबा' विचारायला लागतो. मे उजाडला असेल तर मेलेल्या एल्म झाडाच्या बुंध्याशी गुच्छी अळंबी बघ.

वाटणी आधीच ठरवून घ्या. तुझे मित्र छातीचं मांस तळून खातील आणि पाय टाकून देतील, कारण त्यात चिवट शिरा असतात. ते पाय घे. कुणाचेही असोत. कुकरला अर्धा तास लाव, शिरा ओढून काढ आणि मला फोन कर. तांबडा रस्सा कसा करायचा ते मी सांगतो, किंवा सरळ पाय घेऊन मॅडिसनला ये, भाकऱ्या मी थापतो.

तुझा,
काका