नर्सिंगच्या ओपन डेला जाताय? पुतळ्यापाशी फार वेळ थांबू नका

इंग्लंडातून एका ताईंचा मेसेज आलाय, माहेर आर्वीकडचं. मुलीला नर्सिंग करायचंय, पुढच्या महिन्यात युनिव्हर्सिटीच्या ओपन डेला, म्हणजे कॉलेज बघायला बोलावतात त्या दिवशी, जायचंय, तर तिथं काय बघायचं, काय विचारायचं? आणि शेवटी हळूच लिहिलंय की गावाकडे आईला अजून सांगितलं नाही. त्या ओळीवर मागून येते.

मी वर्धा जिल्ह्यातल्या खेड्यात राहते, सगळी नोकरी सरकारी दवाखान्यात सिस्टर म्हणून केली, आणि लेकाकडे तिकडे गेले होते तेव्हा नातीसोबत असाच एक ओपन डे बघून आले, त्यामुळे सगळंच काही ऐकीव नाही.

पहिले तुम्हाला नेतील सिम्युलेशन लॅबमध्ये. म्हणजे खोटा वॉर्ड. खाटा खऱ्या, मॉनिटर खरा, आणि खाटेवर रबरी पुतळा, जो श्वास घेतो, पापण्या मिटतो, मनगट धरलं तर नाडी लागते. मी धरून पाहिली, हाताची सवय, आणि घड्याळाकडे बघत मोजायलाच लागले तर नात म्हणे आजी सोड ना आता त्याला, लोक बघतायत. सगळे आईबाप तिथंच फोटो काढत बसतात. काढा, पण त्या पुतळ्यावर भाळून कॉलेज ठरवू नका बाप्पा. कोर्स साधारण ३ वर्षांचा, एकूण ४६०० तास, त्यातले निदान २३०० तास प्रॅक्टिकलचे, हा तिथल्या नर्सिंग अँड मिडवाइफरी कौन्सिलचा, म्हणजे नर्सेसची नोंदणी करणाऱ्या संस्थेचा, नियम आहे, आणि प्रॅक्टिकलमधले ६०० पर्यंत तास अशा लॅबमध्ये धरता येतात. म्हणून पहिला प्रश्न हाच, की तुमच्याकडे किती तास पुतळ्यावर आणि किती खऱ्या पेशंटजवळ?

दुसरा प्रश्न प्लेसमेंटचा, म्हणजे नोकरीचा नाही, शिकताना खऱ्या हॉस्पिटलात करायच्या प्रॅक्टिकलचा, आणि माझ्या मते सगळ्यात मोठा. कोणती हॉस्पिटलं, किती लांब, ड्यूटी किती वाजता? तिकडे बारा-साडेबारा तासांचा लाँग डे सर्रास असतो, नाइटही करावी लागते. कॅम्पस कितीही सुंदर असू द्या, पोरगी रविवारी सकाळी सातला वॉर्डात कशी पोचणार, बस आहे का, जाण्यायेण्याचे पैसे कोण देतं, हे विचारा. प्लेसमेंटवरच्या मुलीला स्टाफच्या गिनतीत धरायचं नाही असा तिकडे नियम आहे, ती शिकायला आलेली असते. तसं खरंच होतं का हे स्टेजवरच्या मॅडमला नका विचारू, त्या हो म्हणणारच. टूर देणाऱ्या सेकंड इयर-थर्ड इयरच्या मुली असतात ना, त्यांना चहाच्या वेळेला बाजूला गाठा. मी शिकत होते तेव्हा एका हॉस्पिटलात रात्री अख्खा वॉर्ड माझ्या एकटीवर असायचा, शिकवणारं कोणीच नाही, सलाइन संपलेलं दिसलं की पळायचं आणि डॉक्टरला उठवायचं की नाही हेही आपणच ठरवायचं. म्हणून हा प्रश्न माझ्या जिव्हाळ्याचा.

अजून एक, इथं भारतात बीएस्सी नर्सिंग ४ वर्षांचं आणि सगळे विषय सगळ्यांना, तिकडे मात्र फॉर्म भरतानाच शाखा निवडावी लागते. मोठ्यांची, लहान मुलांची, मानसिक आजारांची, आणि चौथी लर्निंग डिसॅबिलिटी, म्हणजे बौद्धिक अक्षमता असलेल्या लोकांची. आपले लोक पहिल्या दोन ऐकतात आणि उठतात. चारही शाखांच्या माहितीला बसू द्या पोरीला.

पैशाचं आधी घरी बघा. मुलगी काही वर्षं तिकडे राहिलेली असली तरी फी होम, म्हणजे तिथल्या लोकांची कमी, की इंटरनॅशनल, म्हणजे परदेशी मुलांची जास्त, हे मुख्यतः व्हिसाच्या स्टेटसवर आणि मागची ३ वर्षं राहणं कुठं झालं यावर ठरतं. बाप वर्क व्हिसावर आणि तिथं कायमचं राहायची परवानगी अजून मिळालेली नाही अशा घरात इथंच दणका बसतो. इंग्लंडमध्ये नर्सिंगच्या मुलांना वर्षाला ५००० पौंड मिळतात, परत करावे लागत नाहीत, पण तेही पात्र असलेल्यांनाच. फी ऑफिसचा टेबल ओपन डेला असतोच, तिथं तुम्ही बोला, कागद घेऊन जा.

बाकी कुठं तुम्ही बोलू नका! माझ्या लेकानं तिथं एकामागून एक सहा प्रश्न विचारले, नोकरी, पगार, पास होणारे किती, आणि शिकवणाऱ्या बाईंनी सगळ्यांची उत्तरं देऊन मग नातीकडे बघितलं, तुला काय विचारायचंय? पोरगी बापाकडे बघत राहिली. पुढे इंटरव्ह्यू असतो, त्यात बाप नसतो, आणि तिथं मार्कांपेक्षा माणसाशी कसं वागशील हे जास्त विचारतात.

आता तुमच्या आईचं. ती काय म्हणणार हे मला इथं बसून ऐकू येतं, इतल्या दूर जाऊन नर्सच व्हाचं होतं त मंग इथं काय वाईट होतं? ऐकून घ्या. आपल्याकडे सिस्टर म्हणजे रात्री दवाखान्यात राहणारी बाई, हे अजून लोकांच्या डोक्यातून गेलेलं नाही. पण तिला दुसरीकडून कळू देऊ नका, ते जास्त लागेल. आणि फोन पोरीला करू द्या, तुम्ही नाही. दिवाळीत आलात तर दोघींना घेऊन सेवाग्रामला कस्तुरबा हॉस्पिटलच्या ओपीडीत सकाळी एक तास नुसतं बसा. आजीला सिस्टर काय काय करते ते दिसेल, पोरीला इंटरव्ह्यूत सांगायला स्वतःचं काही मिळेल.

त्याच फोनवर आजीला एक कामही सांगा. मुलगी इकडे जन्मली असेल तर तिचं लसीकरणाचं कार्ड. अॅडमिशन झाली की कॉलेज हेपॅटायटिस बी, गोवर, कांजिण्या, बीसीजी म्हणजे टीबीची लस, सगळं विचारतं, पुरावा नसेल तर रक्ततपासण्या आणि पुन्हा सुया. माझ्या नातीचं कार्ड सापडलं ट्रंकेत, लग्नाच्या शालूच्या घडीत, कोपरा कसरीनं खाल्लेला पण तारखा शाबूत. दोन्ही बाजूंचा फोटो मागवा, आणि दंडावरचा बीसीजीचा वणही बघून ठेवा.