'तटस्थ' आणि 'निःपक्षपाती' यांत फरक काय?

प्रश्न असा आहे: 'मी बडोद्याला वकिलीचं शिकते. वर्गात सांगितलं, कायदा न्यूट्रल नसतो. घरी हे मराठीत सांगायला गेले, "कायदा निष्पक्ष नसतो" म्हणाले, तर बाबा उखडले, "म्हणजे न्यायाधीश पैसे खातात?" मला तसं म्हणायचंच नव्हतं. कोणता शब्द वापरू?'

बाबांचं चुकलेलं नाही. तुम्ही उचललेला शब्द माणसाच्या सचोटीवर बोट ठेवणारा आहे.

'पक्षपात' म्हणजे एका बाजूला पडणं, कलणं. दोन पक्ष आधीच समोर आहेत आणि निवाडा करणारा कुणाकडे कलत नाही, तो निःपक्षपाती. पंच, परीक्षक, न्यायाधीश यांचा हा गुण. 'निष्पक्ष'ही त्याच घरातला. हिंदी-गुजरातीच्या शेजारामुळे बडोद्यातल्या मराठी वस्तीत, दांडिया बाजारातसुद्धा हल्ली तोच कानी पडतो. मला जुना लांबलचक शब्दच बरा वाटतो, त्यातला 'पात' दिसतो तरी.

'तटस्थ'ची तऱ्हा वेगळी. तट म्हणजे काठ. काठावर उभा तो तटस्थ. (जुन्या मराठीत थक्क होऊन खिळलेल्यालाही तटस्थ म्हणत.) पण काठ हीसुद्धा एक जागाच. गटांगळ्या खाणारा दुसराच कुणी असतो. कायदा न्यूट्रल नसतो असं म्हणणारे मार्क्सवादी, स्त्रीवादी, १९७०च्या दशकात अमेरिकेत पुढे आलेले 'क्रिटिकल लीगल स्टडीज'वाले (कायद्याची चिकित्सा करणारे अभ्यासक), यांचे आपसांत वाद पुष्कळ. पण काठावर कोण आणि पाण्यात कोण हे ठरवलं कुणी, हा प्रश्न सगळ्यांचाच.

उदाहरण घ्या. इंग्रजांनी १८७१ साली गुन्हेगार जमातींचा कायदा केला. समजा, या जमातींच्या लोकांची हजेरी घेणारा अंमलदार देवमाणूस होता. छदाम घेत नव्हता, सगळ्यांना एकच नियम लावत होता. निःपक्षपाती म्हणा त्याला खुशाल. पण ज्या कायद्यानं जमातीच्या जमाती जन्मानंच गुन्हेगार ठरवल्या, तो तटस्थ कसा? १९५२ साली तो रद्द झाला, तोवर हजेरी चालूच.

आता आपल्या गावचं, उलट टोकाचं. बडोदा संस्थानात कायद्याला 'निबंध' म्हणत. सयाजीरावांच्या काळात १९०४ साली बालविवाह रोखणारा निबंध झाला, १९३१ साली हिंदूंच्या घटस्फोटाचा. हे तटस्थ होते का? मुळीच नाही. एकानं लहान मुलांची बाजू घेतली, दुसऱ्यानं नको त्या लग्नात अडकलेल्यांची. म्हणून 'तटस्थ नाही' ही दरवेळी शिवी होत नाही. 'पक्षपाती' मात्र होतेच.

तेव्हा घरी असं म्हणा: 'न्यायाधीश निःपक्षपाती असला, तरी कायदा तटस्थ असतोच असं नाही.' आणि बडोद्याचा दाखला देणार असाल, तर निबंध म्हणजे शाळेतला नव्हे, हे बाबांना आधी सांगा.