पेशी, स्नायू आणि अमरकोशातलं अंडं

प्रश्न असा आला आहे: ‘मांसपेशी’ हा शब्द मराठीत चालतो का? शाळेच्या पुस्तकात पेशी म्हणजे सेल. मग मांसपेशी म्हणजे मांसातली एक सेल की अख्खा मसल? आणि जाता जाता, पेशीचं अनेकवचन पेशी की पेश्या?

नाही चालत. मराठीत मसल म्हणजे स्नायू आणि सेल म्हणजे पेशी. स्नायू ज्यांचा बनलेला असतो त्या स्नायुपेशी. ‘मांसपेशी’ हा हिंदीतला मसल आहे आणि तिथे तो बिनतक्रार नांदतो, कारण हिंदीत सेलला कोशिका म्हणतात. एका शब्दावर दोन अर्थ लादायची वेळ हिंदीवर येतच नाही. आपल्यावर येते.

आणि रोज येते. व्यायामाचे व्हिडिओ, दुखण्यावरची मलमं, प्रथिनांच्या पावडरी, जिकडेतिकडे ‘मांसपेशी बळकट करा’. हिंदी मजकूर मराठीत आणताना क्रियापद तेवढं बदलायचं आणि नाम तसंच ठेवून द्यायचं, अशी सवयच पडली आहे. एका भाषांतरित मजकुरात मी हे वाक्य वाचलं: ‘मानवी शरीरात सहाशेहून अधिक मांसपेशी असतात.’ नववीतल्या मुलाने यातून काय घ्यायचं? शरीरात पेशी असतात सुमारे ३० लाख कोटी. सहाशेवर असतात ते स्नायू. दंडातल्या एका द्विशिरस्क स्नायूतच लाखांच्या घरात तंतू असतात आणि त्यातला प्रत्येक तंतू ही एक सबंध पेशी असते, काही सेंटिमीटर लांब, शेकडो केंद्रकं बाळगणारी. आता कुणी उत्तरपत्रिकेत लिहिलं, ‘मांसपेशीत अनेक केंद्रके असतात’, तर त्याला तंतू म्हणायचा आहे की स्नायू, हे तपासणाऱ्याने ओळखायचं कसं?

कोर्टातली पेशी वेगळी. ती फारसी ‘पेश’वरून आली, पेशवा हा शब्दही त्याच घरातला. तिचा इथे काही संबंध नाही.

आपल्या पेशीच्या मुळाशी आहे संस्कृतातला पिश् धातू. कोरणं, घडवणं, सजवणं हा त्याचा अर्थ. ऋग्वेदात मांसाचे तुकडे करण्यालाही हेच क्रियापद लावलेलं आहे. पिशित म्हणजे मांस, आणि पिशित खातो तो पिशाच, अशी परंपरेने फोड करतात. पेशी म्हणजे मांसाचा आकार धरलेला गोळा. पण एवढ्यावर थांबलं तर खरी गंमत हातची जाते. वामन शिवराम आपट्यांचा १८९०चा संस्कृत-इंग्रजी कोश काढा आणि पेशी या नोंदीतले अर्थ वाचा: मांसाचा गोळा, अंडं, स्नायू, गर्भधारणेनंतर लगेचचा गर्भ, उमलायच्या बेतात आलेली कळी. अंडं, गर्भ, कळी! आत जीव भरलेला आहे आणि तो आता बाहेर पडणार, अशा तीन वस्तू एका शब्दात ओळीने बसल्या आहेत.

आता अमरकोश, म्हणजे अमरसिंहाने श्लोकांत रचलेला संस्कृत पर्यायी शब्दांचा कोश. त्याच्या सिंहादिवर्गात, म्हणजे पशुपक्ष्यांच्या प्रकरणात, पक्ष्यांची नावं संपत आली की हा चरण येतो: ‘पेशी कोषो द्विहीनेऽण्डम्’. म्हणजे पेशी, कोष आणि अंड हे तीन शब्द एकाच अर्थाचे, आणि तो अर्थ अंडं. ‘द्विहीने’ म्हणजे पुल्लिंग आणि स्त्रीलिंग ही दोन्ही वजा करून, अर्थात नपुंसकलिंगी. शेवटचा अण्ड हा शब्द तसा आहे, एवढंच अमरसिंहाला सांगायचं आहे. तेव्हा पेशी स्त्रीलिंगी, कोष पुल्लिंगी, अण्ड नपुंसकलिंगी. मराठीत म्हणून पाहा: ती पेशी, तो कोश, ते अंडं. दीड हजार वर्षांपूर्वीची तिन्ही लिंगं आपण आजही जशीच्या तशी वापरतो आहोत.

आणि पुढचं बघा. मराठीने सेलला पेशी म्हटलं, हिंदीने कोशापासून कोशिका केलं. दोन भाषांनी दोन वाटांनी जाऊन निवडलेले शब्द अमरकोशात एकमेकांना खेटून बसले आहेत, तेही अंड्याला पर्याय म्हणून. आणि अंडं म्हणजे काय? कोंबडीच्या अंड्यातला पिवळा बलक ही फलनापूर्वी एकच एक पेशी असते. पांढरा बलक आणि कवच तिच्याभोवती नंतर, अंडनलिकेतून खाली येताना चढतं. शहामृगाच्या अंड्यातला बलक ही आजच्या सजीवांमधली सर्वांत मोठी पेशी म्हणून ओळखली जाते. सस्तन प्राण्यांची अंडपेशी कार्ल एर्न्स्ट फॉन बेअर यांनी १८२७ मध्ये पहिल्यांदा दाखवली. माणसाची अंडपेशी मिलिमीटरच्या दहाव्या भागाएवढी असते, नजर चांगली असेल तर नुसत्या डोळ्यांना ठिपक्यासारखी दिसेल इतकी. आपल्यातला प्रत्येक जण तेवढ्या एका ठिपक्यापासून सुरू झाला. ‘अंडपेशी’ या शब्दाचा अमरकोशाप्रमाणे अर्थ लावला तर होतो ‘अंडं-अंडं’, आणि मला ती द्विरुक्ती मुळीच खटकत नाही.

माझं मत असं, आणि ते मी गेली कित्येक वर्षं मांडतो आहे: मराठीत ज्याने कुणी सेलसाठी पेशी हा शब्द पहिल्यांदा वापरला, त्याच्या मनात मांसाचा गोळा नव्हता, अंडं होतं. अमरकोश तोंडपाठ असणं ही जुन्या पद्धतीने शिकलेल्या माणसासाठी साधी गोष्ट होती. सेल म्हणजे जिच्यापासून जीव सुरू होतो ती वस्तू, हे कळल्यावर त्याला ‘पेशी कोषो’ आठवलं नसेल, हे मला पटत नाही. यावर दोन आक्षेप घेतात. पहिला, अमरकोशात ‘पेशीकोष’ असा एकच समास वाचावा. अमरकोशाचा अर्थ उलगडणाऱ्या काही जुन्या टीकाकारांनी तसं वाचलं आहे हे खरं. पण नुसत्या ‘पेशी’चा अंडं हा अर्थ आपट्यांनी वेगळा नोंदवला आहे, मोनियर-विल्यम्सच्या संस्कृत-इंग्रजी कोशातही तो आहे. समास लावून हा अर्थ हुसकून लावता येत नाही.

दुसरा आक्षेप जास्त जोरात येतो, आणि तो घेणाऱ्यांचा मला राग येतो. ते म्हणतात, सुश्रुताने, म्हणजे आयुर्वेदातल्या प्राचीन शल्यवैद्याने, पेशी म्हणजे मसल असं स्पष्ट सांगितलं आहे, मराठीने शब्द बिघडवला, शुद्ध वापर हिंदीचाच. सुश्रुताने सांगितलं आहे, कबूल. त्याच्या ग्रंथातल्या शारीरस्थानाच्या, म्हणजे शरीराबद्दलच्या भागाच्या, पाचव्या अध्यायात तो ५०० पेशी मोजतो: हातापायांत ४००, धडात ६६, मानेत आणि तिच्या वर ३४. पण याच शारीरस्थानाचा तिसरा अध्याय ही मंडळी का उघडत नाहीत? तिथे दुसऱ्या महिन्यातल्या गर्भाच्या आकाराला सुश्रुत पेशी म्हणतो. गर्भ पिंडासारखा असेल तर मुलगा, पेशीसारखा असेल तर मुलगी, अशी ती समजूत. समजूत चुकीची आहे, लिंग फलनाच्या क्षणीच शुक्रपेशीतल्या एक्स किंवा वाय गुणसूत्राने ठरतं. पण शब्दाचा पुरावा शाबूत राहतो. एकाच ग्रंथात, दोन अध्यायांच्या अंतरावर, पेशी म्हणजे मसलही आहे आणि जिवाचा पहिला आकारही. मराठीने दुसरा अर्थ उचलला. बिघडवलं काहीच नाही.

आणि शब्द वस्तूला शोभतो की नाही, हे बघायचं तर कोशिकेपेक्षा पेशी सरस आहे. रॉबर्ट हूकने १६६५ मध्ये बुचाचा पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली धरला आणि त्याला पोकळ कप्पे दिसले. त्यांना त्याने सेल म्हटलं. ते मठातल्या साधूंच्या खोल्यांसारखे दिसले म्हणून, अशी गोष्ट वर्गात सांगतात, पण हूकने स्वतः उपमा दिली ती मधाच्या पोळ्याची. त्याने ते कप्पे मोजलेही. एक-अठरांश इंचात साठ, म्हणजे इंचाला १०८०, म्हणजे घन इंचाला १२५ कोटींहून जास्त. पण त्याला दिसल्या त्या मेलेल्या पेशींच्या भिंती. आतला जीव कधीच वाळून गेला होता. लॅटिनमधला ‘सेला’ म्हणजे लहान खोली, आणि कोशिका हा शब्द त्या रिकाम्या खोलीशी प्रामाणिक आहे. बुचासाठी ठीक आहे. प्राण्यांच्या पेशीला मात्र भित्तिका नसतेच. शाळेत गालाच्या आतली साल हलक्या हाताने खरवडून, मिथिलिन ब्लूचा थेंब टाकून पाहिली असेल तर आठवा काय दिसलं ते. मध्ये गडद निळं केंद्रक, भोवती फिकट पेशीद्रव्य, कडा वेड्यावाकड्या. बशीत फोडलेलं अंडं! खोलीसारखं त्यात काय आहे? श्लायडेनने १८३८ मध्ये वनस्पतींबद्दल आणि श्वानने १८३९ मध्ये प्राण्यांबद्दल पेशीसिद्धांत मांडला, १८५५ मध्ये विर्शोने ‘प्रत्येक पेशी पेशीपासूनच’ असं म्हटलं. खोलीतून खोली जन्मत नाही. अंड्याच्या घराण्यातून मात्र अंडं येतं.

स्नायू राहिला. आक्षेप घेणाऱ्यांनी इथे मराठीला पकडलं असतं तर मी ऐकून घेतलं असतं. सुश्रुताचा स्नायू म्हणजे मसल नव्हे, तो बांधणारा दोर आहे. असे ९०० दोर तो मोजतो आणि एक सुरेख दृष्टान्त देतो: फळ्या पुष्कळ बंधनांनी आवळून बांधल्या की नाव पाण्यावर माणसांचा भार पेलते, तशी शरीरातली सांध्यांची जोडणी स्नायूंनी बांधलेली असते म्हणून माणूस भार सहन करतो. मराठीत दोर सरकून मसल झाला. दोरासाठी मग नवे शब्द लागले. हाडाला हाड बांधणारा तो अस्थिबंध, स्नायूला हाडाशी बांधणारा तो स्नायुरज्जू, म्हणजे जुन्या अर्थाने ‘दोराचा दोर’.

पण सरकायची हौस काही मराठीलाच नाही. संस्कृतात स्नायूचा जुना भाऊबंद आहे स्नावन्. त्याचा ग्रीक नातलग ‘न्यूरॉन’, लॅटिन नातलग ‘नर्वस’. तिघांचाही जुना अर्थ कंडरा (म्हणजे आजचा स्नायुरज्जू), दोर, धनुष्याची दोरी. ग्रीक-लॅटिनचे शब्द पुढे चेतातंतूकडे गेले, आणि बंगालीतही स्नायू म्हणजे नर्व्हच. तेव्हा ‘चेतापेशी’ला कुणी न्यूरॉन म्हटलं की मूळ घराण्याच्या हिशोबाने तो आपल्या स्नायूचा चुलतभाऊ बोलावतो. एक भाऊ संदेश नेतो, दुसरा तो ऐकून आकुंचन पावतो. मला हे इतकं आवडतं की स्नायूला त्याच्या जुन्या जागी परत बसवा असं म्हणायला जीभ उचलत नाही.

याच ओघात आणखी एक. ताप आला की घरोघरी ऐकू येतं, ‘पेशी कमी झाल्या’. म्हणायच्या असतात प्लेटलेट, म्हणजे रक्तपट्टिका किंवा रक्तबिंबिका. त्या पूर्ण पेशी नाहीत. अस्थिमज्जेतल्या महाकाय पेशींपासून सुटलेले ते तुकडे, त्यांना केंद्रकही नसतं. कमी झालेल्या पेशी पांढऱ्या की तांबड्या, असं विचारल्यावर घरातले गोंधळतात, ते याच शब्दामुळे. प्लेटलेट म्हणायचं असेल तर सरळ प्लेटलेट म्हणा, मला चालेल. मांसपेशीपेक्षा ते परवडलं.

लिहिताना एवढं सांभाळा: एकटा असेल तर ‘स्नायू’, यू दीर्घ. समासात आधी आला की ऱ्हस्व: स्नायुपेशी, स्नायुरज्जू. आणि अनेकवचनाचं विचारलं होतं. पेशी हा तत्सम शब्द, दासी किंवा युवती यांच्यासारखा चालतो. एक पेशी, अनेक पेशी, पेशींना, पेशींचे. ‘पेश्या’ लिहू नका.