वारोबाच्या भक्तांविषयी

अनेक आशीर्वाद.

तुझ्या कादंबरीचा खर्डा वाचून काढला. वारोबा हा वाऱ्याचा देव तू उभा केलास याचा मला मनापासून आनंद झाला. माळावर रोवलेली काठी आणि तिला बांधलेलं फडकं, एवढंच त्याचं ठाणं. त्याला हात लावू नकोस. माझं भांडण आहे ते त्याच्या भक्तांशी. ते पानोपानी 'मोकळे व्हा, काही धरून ठेवू नका' असं सांगत फिरतात. हे कुठल्याही पंथाचा माणूस सांगेल. मराठवाड्यातल्या माणसानं वाऱ्याकडून काय घेतलं असेल, ते त्यांच्या बोलण्यात सापडत नाही.

त्यांना आधी खळ्यावर ने. मळणी झालीय आणि वारं पडलंय. तिवईवर माणूस भरली पाटी घेऊन ताटकळतोय. मग वारं लागतं; भुसा उडून पलीकडे पडतो, ज्वारी पायाशी. वाऱ्यानं नवं काही दिलं नाही, होतं तेच निवडून दिलं, आणि तेही कुणी पाटी उचलली म्हणून. ज्यांचा देव असा आहे ते 'दे' म्हणून हात पसरणार नाहीत, 'निवड' म्हणतील. पुढे मळणीयंत्र आल्यावर या प्रार्थनेचं काय करायचं, हे कोडं एखाद्या म्हाताऱ्या भक्ताला पडू दे.

याहून अवघड जागा तू टाळलीस. नैऋत्येचं वारं सह्याद्री चढताना पाणी तिकडेच सांडतं आणि घाट उतरून आपल्याकडे येतं तेव्हा कोरडं होत आलेलं असतं. आषाढात आभाळ भरतं, वारं सुटतं, ढग डोक्यावरून निघून जातात. 1972 चा दुष्काळ काढलेला शेतकरी, किंवा 2016 मध्ये मिरजेहून रेल्वेनं आलेलं पाणी प्यायलेला लातूरकर, या देवापुढे नारळ का फोडेल? 'देव कोपला, बोकड द्या' हे तुझं उत्तर काढून टाक. त्यानं देव लहान होतो आणि होरपळलेल्या माणसावरच ठपका येतो. वारोबा कुणावर रागावत नाही आणि कुणासाठी थांबतही नाही, हे भक्तांना पक्कं ठाऊक असावं. म्हणूनच आपण एकमेकांसाठी थांबायचं, असं त्यांनी ठरवलं असावं. ज्याच्या विहिरीला पाणी आहे त्यानं ते गावाला भरू द्यायचं, हा त्यांचा नियम. आणि एका मे महिन्यात, स्वतःची मोसंबी वाळताना पाहून, त्यांच्यातलाच एक जण विहिरीवर कुलूप लावतो. हे प्रकरण तुला लिहावंच लागेल.

हेरोडोटस या प्राचीन ग्रीक इतिहासकारानं नोंदलंय की चालून आलेलं इराणी आरमार वादळात फुटल्यावर अथेन्सच्या लोकांनी उत्तरेच्या वाऱ्याचं, बोरियासचं, देऊळ बांधलं. तिथे उपकार आधी झाले, देऊळ नंतर. तुझी माणसं पदरात काही पडलं नसताना काठी रोवतात. का रोवतात, हे त्यांच्या वागण्यातून दिसलं पाहिजे.

भगताविषयी थोडं. आपल्याकडे देवीचं वारं अंगात येतं, तसा तुझ्या भगताच्या अंगात वारोबा येतो आणि कौल देतो. ज्या देवाला रूप नाही, त्याच्या वतीनं बोलायचा हक्क तुला कुणी दिला, असं पंथातल्याच एखाद्या बाईनं चारचौघांत विचारावं. मात्र भगताला लबाड करू नकोस. त्याचा स्वतःवर खरा विश्वास असू दे, म्हणजे तो प्रश्न त्याला लागेल.

बालाघाटावरच्या पवनचक्क्यांचा भाग चांगला उतरलाय, तो तसाच राहू दे.

वाचायला ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातलं 168 वं सूक्त घे. वाऱ्याचा घोष ऐकू येतो, रूप दिसत नाही, असं त्यात आहे. आणि दासबोधाच्या सोळाव्या दशकातलं वायुस्तवन. समर्थांचं जांब आपल्या जालना जिल्ह्यातलं, त्यामुळे ही परंपरा तुला परकी नाही.

आधी विहिरीचं प्रकरण लिही आणि तेवढंच पाठव. कुलूप लावणाऱ्याची बाजू त्याच्याच तोंडून येऊ दे. भगताचं त्यानंतर पाहू.