टेनिस कोर्टवरच्या रेषा आणि रेषेवरचा चेंडू

तुमची लेक सोसायटीच्या कोर्टवर टेनिस खेळायला लागली, एवढ्या रेषा कशाला ते कळत नाही आणि रेषेवर पडलेल्या चेंडूवरून रोज वाद होतो, असं तुम्ही लिहिलंय. आधी वाद मिटवू. चेंडू रेषेला नुसता चाटून गेला तरी आत. रेषा कोर्टाचाच भाग. म्हणून लांबी-रुंदीही रेषेच्या बाहेरच्या कडेपर्यंत मोजतात. पंच नसेल तर आपल्या बाजूचा कॉल (चेंडू आत की बाहेर) आपण द्यायचा, आणि शंका आली तर चेंडू आत धरायचा. मातीच्या कोर्टवर ठसा तरी दाखवता येतो, सिमेंटवर तेही नाही.

आता रेषा. कोर्ट ७८ फूट लांब. रुंदी सिंगल्सला २७ फूट, डबल्सला ३६. दोन्ही कडांची साडेचार फुटी पट्टी सिंगल्समध्ये नाहीच असं समजा. गंमत म्हणजे डबल्समध्येही सर्व्हिस (खेळ सुरू करणारा पहिला फटका) त्या पट्टीत पडून चालत नाही. ती नेटपलीकडे, आपल्यापासून तिरक्या दिशेला असलेल्या चौकोनातच हवी. सर्व्हिस आत पडली की मग पट्टी खेळात येते. नवे खेळाडू इथेच गोंधळतात.

मोजायला टेप नको. मोठ्यांची रॅकेट सहसा २७ इंचांची असते (लेकीची नको, ती लहान असेल). सिंगल्सची रुंदी बरोबर १२ रॅकेट, बाजूची पट्टी दोन, बेसलाइन (कोर्टाच्या टोकाची रेषा) ते सर्व्हिस लाइन (सर्व्हिसच्या चौकोनाची मागची रेषा) आठ. आम्ही खेळायचो त्या कोर्टवर एका पावसाळ्यानंतर नव्याने फक्की मारली आणि आठवडाभर एका बाजूला सगळ्यांच्या सर्व्हिस लांब जायला लागल्या. जो तो आपला टॉस (सर्व्हिसला चेंडू वर उडवणं) सुधारतोय! शेवटी एकाने रॅकेटी आडव्या टाकून मोजलं, तर सर्व्हिस लाइन नेटकडे हातभर सरकलेली.

नेट सरळ नसतं, हेही लेकीला दाखवा. खांबांपाशी साडेतीन फूट, मधोमध तीन. शिवाय कोपऱ्यातून कोपऱ्यात मारलं की सरळ फटक्यापेक्षा साधारण साडेचार फूट जास्त जागा मिळते. कोच 'क्रॉस मार, क्रॉस मार' म्हणून ओरडतात ते यामुळे.

नियमांतले दोनच सांगतो, बाकीचे खेळता खेळता कळतात. सर्व्हिस करताना चेंडूला रॅकेट लागेपर्यंत पाय बेसलाइनला टेकता कामा नये. फटका बसल्यावर खुशाल आत उडी मारा. दुसरा जास्त महागात पडतो: बाहेर चाललेला चेंडू टप्पा पडायच्या आधी हाताने झेलायचा नाही. तुम्ही कोर्टाच्या बाहेर उभे असलात तरी गुण समोरच्याला. माझ्या पुतण्याला क्रिकेटची सवय, चेंडू दिसला की हात पुढे! पहिल्या स्पर्धेत त्याने असे दोन गुण घालवले, तेव्हा कुठे रॅकेट दोन्ही हातांनी धरायला लागला.

आज संध्याकाळी नेट मोजून बघा. एक रॅकेट उभी, तिच्यावर दुसरीचं डोकं आडवं, की जवळजवळ तीन फूट होतात. सोसायट्यांत नेट मधोमध खाली ओढून धरणारा पट्टा बहुतेक वेळा तुटलेला किंवा सैल असतो. लेकीचे फटके नेटात जात असतील तर आधी तो बघा.