एकत्र कुटुंबात राहून मोफत शिकवणी घेता येते का?

आपण विचारले आहे की, घरात बारा-तेरा माणसे असताना वस्तीतील मुलांना शिकवण्यासाठी वेळ कसा काढावा आणि थोडी तरी फी ठेवावी का.

वेळेचे उत्तर सोपे आहे. शाळा सुटल्यानंतर आणि धारा काढण्यापूर्वी जो तास मिळतो तो धरून ठेवा, आणि त्याविषयी जाऊबाईंशी आधीच बोलून घ्या; कारण सून बाहेर शिकवत बसली की आतल्या भाकरी दुसऱ्या कोणाला तरी थापाव्या लागतात, हे कोणी बोलून दाखवत नसले तरी सगळे मोजत असतात. मी सकाळचे पाणी कायमचे माझ्याकडे घेतले, तेव्हा कुठे संध्याकाळचा तास मोकळा झाला.

फीविषयी मात्र मला राहवत नाही. मी बीड जिल्ह्यातील केज तालुक्यात एका गावात राहते. डी.एड. होऊनही नोकरी लागली नाही, म्हणून आमच्या माळवदावर, म्हणजे घराच्या सपाट मातीच्या छतावर, मुलांना बसवू लागले. अकरा मुले होती आणि त्यांपैकी नऊ ऊसतोड कामगारांची. मुकादमाची उचल, म्हणजे मजुरीची आगाऊ रक्कम, घेऊन आईवडील दिवाळीच्या सुमारास कारखान्याकडे निघतात ते गुढीपाडव्याच्या आसपास परततात. काही मुले आजीजवळ राहतात, तर काही त्यांच्यासोबत कोपीवर, म्हणजे ऊसतोडीच्या ठिकाणच्या झोपडीत, जातात. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे परतलेले मूल वयानुसार वर्गात बसते, हे योग्यच आहे. पण त्यासाठी जे विशेष प्रशिक्षण त्याच कायद्यात सांगितले आहे, ते आमच्या मुलांच्या वाट्याला आलेले मी पाहिले नाही. परिणामी पाचवीतील मुलगा ४०२ मधून १५७ वजा करताना मधल्या शून्यापाशी अडतो.

त्या दिवशी आम्ही त्याच शून्यावर होतो. शतकाकडून उसने घेऊन आधी दशक भरायचे, मग त्यातला एक दशक सुटा करून एककाला द्यायचा, हे मी तीनदा सांगितले, तरी मुलगा शून्याकडेच मागत राहिला. शेवटी त्याची बहीण म्हणाली, "अरे, त्याच्यापाशीच काही नाही, तर तो तुला कुठून देईल? त्याला आधी उचल घेऊ दे." दोनशे पंचेचाळीस हे उत्तर त्याने लगेच काढले.

तेवढ्यात थोरले भाऊजी वर आले आणि मला न विचारता मुलांना म्हणाले, "उद्यापासून महिन्याला पन्नास रुपये आणायचे. फुकटाला किंमत नसते." दुसऱ्या दिवशी दोन मुले आली. दोन्ही किराणा दुकानदाराची, आणि त्या दोघांना वजाबाकी आधीच येत होती. उरलेल्या नऊ जणांच्या आज्यांकडे पन्नास रुपये मागायला मला तोंड नव्हते. मी दारोदार जाऊन त्यांना परत आणले, त्यात आठ दिवस गेले आणि बहीणभावाची ती जोडी तेवढ्यात कोपीवर निघून गेली.

तेव्हापासून घरात हाच वाद आहे. भाऊजींचे म्हणणे असे की, पैसे दिले की पालक नियमितपणा पाळतात. माझे म्हणणे असे की, फी लावली की ज्याला गरज आहे तोच आधी गळतो. आणि ज्या घरात पाहुण्यांच्या चहाचा हिशेब कोणी ठेवत नाही, तिथे एका तासाचा हिशेब का मांडावा? आत्याबाई या वादात पडत नाहीत, पण संध्याकाळी माळवद झाडून ठेवतात.

म्हणून माझे मत: फी मुळीच ठेवू नका, आणि घरातील कोणालाही आपल्या वतीने ठरवू देऊ नका. अर्थात आपली वस्ती शहरात असेल आणि मुले पगारदारांची असतील, तर भाऊजींचे म्हणणे कदाचित तिथे खरे ठरेल. सोयाबीनच्या काढणीत मात्र पंधरा दिवस वर्ग बंदच ठेवा. तेव्हा मुलेही रानात असतात आणि आपणही.