‘कशावरून?’ हा शब्द जपून वापर

अनेक आशीर्वाद.

तुझ्या सेशनचं टिपण मिळालं. डिप्रेशनसाठी तुझ्याकडे येणाऱ्या काकांची परवानगी घेऊन पन्नास मिनिटांचं बोलणं शब्दन् शब्द उतरवून काढलंस, नाव-गाव गाळलंस, हे फार चांगलं केलंस. या कामाला किती चिकाटी लागते ते मला ठाऊक आहे. मी ते दोनदा वाचलं. दुसऱ्या वेळी पेन्सिल घेऊन बसले आणि तुझे प्रश्न मोजले. ४३ निघाले. त्यातले १६ ‘असं का वाटतं’, ‘मग का नाही गेलात’, ‘का नको वाटतं’ या जातीचे.

शेवटी तू विचारलंयस, ‘ताई, प्रश्न सगळे शिकवले तसेच विचारले. तरी अर्ध्या तासानंतर काका नुसते हं-हं का करायला लागले?’

मला वाटतं, त्यांना आपली उलटतपासणी चाललीय असं वाटलं. तुझ्या मनात तसं काही नव्हतं, ते पानापानावर दिसतंय. पण आपल्याकडे ‘का’ हा शब्द माणूस लहानपणापासून कुठे ऐकतो ते आठव. का उशीर झाला? दूध का सांडलं? मार्क का कमी पडले? ‘का’ आला की पाठोपाठ सबब द्यायची, हेच अंगवळणी पडलेलं असतं. डिप्रेशनमधला माणूस तर रात्रंदिवस स्वतःचीच चौकशी लावून बसलेला असतो. मी असा का, मलाच का जमत नाही. त्यात समोरूनही ‘का’ आला की तो मान खाली घालतो आणि सुटका कधी होतेय त्याची वाट बघतो. शिवाय काका त्रेसष्टचे, तू सव्वीसचा. मुलाच्या वयाच्या माणसाने असं एकामागून एक विचारलं तर त्यांनी करावं काय?

तीच गोष्ट दुसऱ्या शब्दांत विचारता येते. ‘त्या वेळी मनात चटकन काय येऊन गेलं?’ ‘हे कधीपासून असं वाटायला लागलं?’ ‘त्या दिवशी नेमकं काय झालं होतं?’ ‘मग?’ हा ‘मग’ फार गुणी शब्द आहे. आजीच्या गोष्टीत आपण तोच विचारायचो. आणि वडीलधाऱ्यांना काही अवघड विचारायचं असलं तर आधी ‘एक विचारू का?’ म्हणायचं आणि त्यांची मान हलेपर्यंत थांबायचं. मी हे आजही करते.

‘कशावरून?’ हा शब्द आपल्या कामाचा गाभा आहे : माणसाच्या मनातल्या विचाराला आधार काय, ते प्रश्न विचारत त्याच्याबरोबर तपासायचं. एवढा नेमका शब्द आपल्या भाषेत आयता मिळाला याचं मला कौतुक वाटतं. पण आवाज जरा चढला की तो वकिलाचा होतो. मी तो एकटा वापरत नाही. ‘हे तुम्हाला कशावरून जाणवलं?’ असं विचारते, सावकाश.

ॲरन बेकची हकीकत तुम्हाला शिकवली असेलच, पण त्यातली एक बाजू वर्गात राहून जाते. फिलाडेल्फियातला हा डॉक्टर मुळात फ्रॉइडच्या परंपरेत तयार झालेला. नैराश्य म्हणजे आत वळलेला राग, ही त्या परंपरेतली शिकवण. ती शास्त्रीय पद्धतीने सिद्ध करावी म्हणून १९५०च्या दशकाच्या अखेरीस त्याने नैराश्यातल्या रुग्णांची स्वप्नं तपासायला घेतली. रागाऐवजी त्याला सापडलं नुकसान, अपयश, नाकारलं जाणं. त्याची एक रुग्ण कोचावर पडून आपल्या खाजगी आयुष्याबद्दल सांगत असे आणि सांगताना अस्वस्थ होई. बेकने त्याचा शास्त्रात बसणारा अर्थ लावला. नंतर कळलं की त्या वेळी तिच्या मनात आत वेगळंच चाललं होतं : डॉक्टरांना माझा कंटाळा येतोय. हा विचार तिने कधी बोलून दाखवला नव्हता, कारण तसं कुणी विचारलंच नव्हतं. आपोआप उमटणाऱ्या या विचारांभोवती त्याने पुढे उपचारपद्धती उभी केली आणि १९७९ साली सहकाऱ्यांबरोबर नैराश्याच्या उपचारावरचं त्याचं पुस्तक आलं. मला यात मोठं वाटतं ते हे, की रुग्णांना पुरावा विचारण्याआधी त्याने तो स्वतःच्या गुरुपरंपरेला विचारला आणि हाती आलेलं उत्तर मान्य केलं. टेबलाच्या आपल्या बाजूलाही तीच तयारी हवी. काकांबद्दल तू जे मत बांधलंयस, ते चुकीचं ठरू शकतं असं धरून प्रश्न विचार.

ही तयारी माझ्याकडे सुरुवातीला अजिबात नव्हती. स्पर्धा परीक्षेत तिसऱ्यांदा नापास झालेला एक मुलगा माझ्याकडे यायचा. ‘मी कशाच्याच लायकीचा नाही’ हे त्याचं पालुपद. मी तयारीनिशी बसले. दहावीचे मार्क किती होते? गावात क्लास कोण घेत होतं? बहिणीची फी कुणी भरली? एकेक उत्तर घेत त्याला कोपऱ्यात नेलं आणि विचारलं, ‘मग लायकी नाही हे वाक्य खरं कसं?’ तो म्हणाला, ‘हो मॅडम, पटलं.’ मी खूश झाले. पुढचे तीन आठवडे तो आला नाही. परत आला तेव्हा म्हणाला, ‘तुमच्यासमोर सगळं पटतं. खोलीवर गेलो की वाटतं, साधं उदास व्हायचं कारणसुद्धा मला धड देता येत नाही.’ मी त्याच्यावर आणखी एक अपयश लादलं होतं. तेव्हापासून क्लायंट चटकन ‘पटलं’ म्हणाला की मी सावध होते. ‘डोक्याला पटतंय हो, पण मनाला नाही’ असं कुणी म्हणालं तर मात्र बरं वाटतं, कारण मग त्या मनाला काय वाटतंय तिकडे आमची दोघांची नजर वळते.

प्रश्नांतून विचार तपासायच्या या पद्धतीला सॉक्रेटिसचं नाव चिकटलंय, तेव्हा त्याच्यातलं काय घ्यायचं हेही स्पष्ट असू दे. प्लेटोने लिहिलेल्या संवादांत युथिफ्रो नावाचा एक गृहस्थ आहे. धर्माचरण म्हणजे काय हे आपल्याला पक्कं माहीत आहे अशा ऐटीत असतो. सॉक्रेटिस त्याची एकेक व्याख्या मोडून काढतो आणि शेवटी तो घाई असल्याचं सांगून निघून जातो. स्वतःबद्दल फाजील खात्री असलेल्यासाठी ते ठीक असेल. आपल्याकडे येणाऱ्याची खात्री आधीच पार मोडलेली असते. पण याच सॉक्रेटिसची आई सुईण होती, आणि मीही तेच काम करतो, फक्त बाळांऐवजी विचार जन्माला यायला मदत करतो, असं तो एका संवादात म्हणतो. आपल्याला त्याच्यातली ही सुईण हवी. मानसशास्त्रज्ञ क्रिस्टिन पडेस्की यांनी १९९३ साली लंडनच्या भाषणात थेरपिस्टांपुढे हाच मुद्दा ठेवला होता : तुम्ही समोरच्याचं मत बदलायला बसलात, की त्याच्याबरोबर काहीतरी शोधायला? त्यांनी चार गोष्टी सांगितल्या : माहितीचे प्रश्न, मनापासून ऐकणं, मधूनमधून सारांश, आणि मग सगळं जोडून पाहायला लावणारा एक प्रश्न. तुझ्या टिपणात पहिली भरपूर आहे. सारांश पन्नास मिनिटांत एकदाच आलाय, तोही निरोप घेताना.

हे नुसतं सांगून समजत नाही, म्हणून एक सेशन सांगते. ओळख पटू नये इतपत तपशील बदललेत.

चाळिशीच्या एक बाई. घरी ब्लाउज शिवायच्या. चार महिने झोप नाही, भूक नाही, मशीनवर बसावंसं वाटत नाही. एका गिऱ्हाइकाचा ब्लाउज काखेत दाटला, ती चार बायकांसमोर बोलली, तेव्हापासून ‘माझ्या हातून काहीच धड होत नाही’ हे सुरू. तिसऱ्या वेळी आल्या तेव्हा पिशवीतून रुमाल काढताना एक वही बाहेर आली. कोपरे झिजलेली, मध्ये मोजपट्टीची गुंडाळी. मी विचारलं, ‘ही कसली वही?’

‘मापांची.’

‘बघू का?’ त्यांनी दिली. एका पानावर एक नाव, खाली छाती, कंबर, बाही, गळा. काही पानांवर जुने आकडे खोडून शेजारी नवे लिहिलेले, ते खोडून आणखी नवे. मला खरोखर कळलं नाही म्हणून विचारलं, ‘हे असं खोडलंय ते काय?’

‘बाळंतपणानंतर माप बदलतं ना. ह्यांचं दोनदा बदललं.’

‘म्हणजे ह्या किती वर्षं येतायत?’

त्यांनी पान हातात घेतलं, आकड्यांवरून बोट फिरवलं. ‘लग्नाआधीपासून. आता त्यांच्या मुलीचं माप पलीकडच्या पानावर आहे.’ मग स्वतःहूनच पानं उलटत राहिल्या. मी गप्प बसले. दोन मिनिटं तरी गेली असतील. ती दोन मिनिटं तुला जड जातील, पण तिथे बोलू नकोस.

मग मी त्यांचेच शब्द गोळा करून समोर ठेवले. ‘तुम्ही म्हणालात, एक ब्लाउज काखेत दाटला आणि चारचौघींत बोलणं खावं लागलं. माझ्या हातून काहीच धड होत नाही, असंही म्हणालात. आणि आत्ता म्हणालात, ह्या बाई लग्नाआधीपासून येतायत, आता मुलीलाही आणतात. हे सगळं शेजारी-शेजारी ठेवलं तर तुम्हाला काय दिसतं?’

माझी अपेक्षा होती की त्या म्हणतील, ‘म्हणजे मी चांगलं शिवते.’ त्या म्हणाल्या, ‘शिवणं येतं मला. मी दमलेय, ताई. सासूबाई पडल्यापासून रात्री उठावं लागतं.’ आणि रडल्या. चार महिन्यांत हे पहिल्यांदाच तोंडातून आलं होतं. मी माझ्या उत्तराकडे त्यांना ढकलत नेलं असतं तर त्यांचं उत्तर कधी बाहेर आलंच नसतं. तिथून पुढे कामाची दिशाच बदलली : रात्रीचं कुणी बघायचं, नणंदेशी काय बोलायचं, रक्त कधी तपासायचं.

संशोधनाचा आधार हवा असेल तर ओहायो स्टेट विद्यापीठातल्या जस्टिन ब्राउन, डॅनियल स्ट्रंक आणि सहकाऱ्यांचा २०१५चा अभ्यास वाच. नैराश्याचे ५५ रुग्ण, १६ आठवड्यांची कॉग्निटिव्ह थेरपी (म्हणजे बेकचीच पद्धत), त्यातली पहिली तीन सेशन्स तपासलेली. ज्या सेशनमध्ये थेरपिस्टने अशा सॉक्रेटिसच्या धाटणीच्या प्रश्नांचा वापर अधिक केला, त्यानंतर त्याच रुग्णाची लक्षणं अधिक कमी झाली. रुग्ण-थेरपिस्टच्या नात्याचा भाग हिशेबात धरूनही हा परिणाम टिकला. अभ्यास लहान आहे. आणि त्याचा अर्थ ४३चे ५० करावेत असा घेऊ नकोस.

ही पद्धत कुठे बाजूला ठेवायची, तेही मला तितक्याच तळमळीने सांगायचंय.

माणूस इतका खचलेला असेल की साध्या प्रश्नाला उत्तर द्यायला त्याला मिनिटभर लागतं, तर विचारांची छाननी त्याला पेलणार नाही. गोव्यात संगाथ संस्थेच्या लोकांनी दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांत जे काम केलं ते बघ. ४९३ रुग्णांचा तो अभ्यास २०१७ साली ‘लॅन्सेट’मध्ये छापून आला. पदवीधर मानसतज्ज्ञ नसलेल्या, प्रशिक्षण दिलेल्या स्थानिक समुपदेशकांनी सहा ते आठ भेटींत मुख्यतः एकच धरलं : माणसाला पुन्हा छोट्या छोट्या कामांत आणि माणसांत आणणं. त्याचा फायदा झाला. आधी आंघोळ, चहा, दारापर्यंत चालणं, ‘कशावरून’ नंतर. औषधांची गरज दिसली तर सायकिॲट्रिस्टकडे पाठवताना कमीपणा मानू नकोस.

जे दुःख खरं आहे त्याला पुरावा मागायचा नाही. डोक्यावर कर्ज असलेला माणूस ‘मी अडकलोय’ म्हणतो, नवऱ्याचा मार खाणारी बाई ‘मला घरात भीती वाटते’ म्हणते. तिथे विचार तपासत बसलास तर तो अन्याय होईल. तिथे मदत कुठून मिळेल ते शोध.

आणि ‘माझ्यावाचून घरच्यांचं बरं चालेल’ असं काही ऐकलंस, तर सगळी आडवळणं सोड. ‘जीव द्यायचा विचार येतो का?’ असं स्पष्ट विचार. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही. बहुतेकांना कुणीतरी विचारलं म्हणून हायसं वाटतं. उत्तर हो आलं तर काही ठरवलंय का, घरात काय हाताशी आहे, ते विचार. त्यांना एकटं सोडू नकोस, घरच्यांना आणि डॉक्टरांना त्याच दिवशी कळव, आणि टेली-मानस या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर त्यांच्या फोनमध्ये तुझ्या समोर साठवून घे. अशा वेळी रात्री कितीही वाजले तरी मला फोन कर.

आता काका. तुझ्या टिपणात चौथ्या पानावर ते म्हणतात, ‘पहाटे उठतो, कुत्र्याला भाकरी घालतो, मग परत पडतो.’ त्यावर तू विचारलंस, ‘परत का पडता?’ मला ते वाक्य वाचून वही बाहेर आल्यासारखं वाटलं. स्वतःला कुणाच्याच उपयोगाचा नाही म्हणणारा माणूस अंधारात उठून कुणासाठी तरी भाकरी घेऊन दाराशी जातोय. यातून काय निघेल मला माहीत नाही, आणि तूही आधीपासून काही ठरवून जाऊ नकोस. कदाचित ते कुत्रं त्यांच्या मुलाने आणलेलं असेल, कदाचित रस्त्यावरचं असेल, कदाचित भाकरी थापायची सवय काकूंची होती आणि आता ती त्यांच्याकडे आली असेल.

गुरुवारी ते आले की फॉर्म, फाइल सगळं बाजूला ठेव. पाणी दे. आणि विचार, ‘काका, मागच्या वेळी तुम्ही कुत्र्याचं सांगत होतात, माझं ऐकायचं राहिलं. कुठलं ते?’

तुझी,
ताई